निखारे, एकवीस दिवस आणि एक ‘च’

छत्रपती संभाजीनगरात गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलं की अभ्यासिकांच्या पाट्या दिसू लागतात. आत जालना, बीड, परभणीकडची पोरं बसलेली असतात. दुपारी डोळे मिटायला लागले की मोबाइलवर एखाद्या वक्त्याचं भाषण लावतात आणि पुन्हा पुस्तक उघडतात. आई-बाप ऊसतोडीला जातात, घरात पदवीपर्यंत कुणी पोचलेलं नाही, अशा मुलाला ‘तुला जमेल’ म्हणणारं कुणी भेटणं फार मोलाचं असतं. माझा राग त्या धीरावर नाही, त्याच्यासोबत खपवल्या जाणाऱ्या खोट्या गोष्टींवर आहे.

गैरसमज : एकवीस दिवस केलं की सवय लागते.

वस्तुस्थिती : हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळलं आणि नियम उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय मुरायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी पहाटे जाग आली नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या मुलांपर्यंत हे पोचायला हवं.

गैरसमज : मनाची ताकद जागी झाली की निखाऱ्यावरून चालता येतं.

वस्तुस्थिती : काही महागड्या शिबिरांचा हा कळसाध्याय. चुलीतून बाहेर पडलेला निखारा आजी चिमटीत धरून झटकन आत टाकते, तेच इथे घडतं. लाकडी कोळसा उष्णता सावकाश देतो, वर राखेचा थर असतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कुठलाही मंत्र न म्हणता, गावोगावी लोकांसमोर निखाऱ्यांवरून चालून दाखवत आले आहेत. थांबलं की मात्र भाजतं. २०१६ मध्ये अमेरिकेत डॅलसला प्रेरणादायी वक्ते टोनी रॉबिन्स यांच्या कार्यक्रमात तीसहून जास्त लोक भाजले. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणणं क्रूरपणाचं आहे.

गैरसमज : ध्येय कागदावर लिहिणारे तीन टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले, येल किंवा हार्वर्डचा अभ्यास आहे.

वस्तुस्थिती : असा अभ्यास झाल्याचा पुरावा नाही. ध्येय जरूर लिहा, पण या गोष्टीच्या भरवशावर नको.

गैरसमज : जिद्द असेल तर निवड होतेच.

वस्तुस्थिती : यूपीएससीच्या २०२३च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ जण बसले. शिफारस झाली १,०१६ जणांची. मंचावर बोलायला येतो तो या हजारांतला कुणीतरी. त्याच्याइतकीच जिद्द असून मागे राहिलेल्यांना माइक मिळत नाही. जिद्द लागतेच, पण जागा, पैसा, तब्येत आणि नशीबही लागतं. हे न सांगणारा वक्ता नापास मुलाच्या डोक्यावर सगळा दोष ठेवून पुढच्या गावाला निघून जातो.

गैरसमज : म्हणजे हे सगळं थोतांडच.

वस्तुस्थिती : नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचं सूत्र आपल्या भाषेत एका अक्षरात सांगता येतं. ‘मी पास व्हावं’ ही इच्छा माणसाला कामाला लावते. ‘मी पास झालोच पाहिजे’ मधला ‘च’ झोप उडवतो. फडक्यांनी जल्लोष विकला नाही, आपल्याच विचारांची उलटतपासणी करायला शिकवलं. मला त्यांची वाट जास्त प्रामाणिक वाटते.

पोरांनो, भाषणं ऐका, हुरूप घ्या. पण कुणी हजारो रुपयांचं शिबिर गळ्यात मारू लागला तर घरच्यांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि निकालानंतर जीव नकोसा वाटला तर भाषण लावू नका, १४४१६ लावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.