धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीताजयंतीचा पुण्यदिन. ठिकठिकाणच्या मंदिरांतून गीतापठणाचा घोष उठेल. खानदेशवासीयांना मात्र या दिवशी मंदिराबरोबर एका तुरुंगाचेही स्मरण व्हावे. २१ फेब्रुवारी १९३२ रोजी, रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले आणि १९ जूनच्या रविवारी अठराव्या अध्यायाची सांगता केली. अठरा रविवार, अठरा अध्याय!

विनोबांचे वय तेव्हा अवघे छत्तीस वर्षांचे. पाठीशी ना मठ, ना पीठ. श्रोते म्हणजे सत्याग्रही बंदिवान. त्यांत जमनालाल बजाजांसारखे धनिकही होते. ही माणसे त्यांच्या शब्दामागे का गेली? या प्रश्नाचे उत्तर रविवारच्या प्रवचनात शोधू नये, मधल्या सहा वारांत शोधावे. तुरुंगातील सक्तीच्या कामाचा पुष्कळ राजबंद्यांना तिटकारा असे. विनोबांनी दळण आपण होऊन पत्करले आणि उपासनेसारखे केले. थोर पुरुष जसे वागतो तसेच इतर जन वागतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहे. तेच एका कैद्याने जात्यावर बसून दाखविले. मग कर्मयोग समजावून सांगण्यासारखे फारसे उरलेच नसावे.

ही प्रवचने आज आपल्या हाती आहेत ती साने गुरुजींमुळे. विनोबा बोलत आणि गुरुजी लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ पुढे अनेक भाषांत गेला, त्याचे मूळ या लेखणीत आहे. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. लेखनिक होऊन बसलेला हा गृहस्थ स्वतः काही कमी प्रतीचा पुढारी नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्याने सहा वर्षे मुलांना शिकविले. छात्रालयात न बोलता मुलांची अंथरुणे आवरली, कपडे धुतले. शरमलेली मुले दुसऱ्या दिवशी आपली कामे आपणच करू लागत. छडीने जे साधले नसते ते असे साधले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा हाच मास्तर खानदेशच्या खेडोपाडी पायी हिंडला आणि लोक त्याच्या हाकेला धावले.

पण अनुयायित्व म्हणजे होयबागिरी काय? आपल्याकडे बहुधा तोच अर्थ रूढ झाला आहे, हे दुर्दैव. गुरुजींनी तो मानला नाही. पंढरीचा विठ्ठल अस्पृश्य मानलेल्या बांधवांना भेटावा म्हणून काही महिने महाराष्ट्रभर लोकमत जागे करून त्यांनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपवास आरंभिला. गांधीजींना तो रुचला नाही. उपवास सोडावा, असे त्यांनी कळविले. ज्यांच्यासाठी १९३० साली नोकरी सोडली आणि वारंवार तुरुंग पाहिला, त्यांचाच हा आदेश! तो न मानताना गुरुजींच्या हृदयाला किती पीळ पडला असेल! तरी त्यांनी नम्रपणे नकार कळविला. उपवासाचा मार्ग गांधीजींचाच होता. तो गुरुजींनी गांधीजींच्या शब्दाखातरही सोडला नाही. १० मे रोजी उपवास सुटला, तो मंदिर सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच.