दुकान आपले, मग डोमेन दुसऱ्याच्या नावावर का?

ताडोबा सफारीचे ऑनलाइन बुकिंग एका खासगी कंपनीकडे होते. २०२३ मध्ये १२ कोटींहून अधिक रक्कम थकवल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला, बुकिंग थांबले आणि पुढे ते वनविभागाच्या सरकारी पत्त्यावर न्यावे लागले. सरकार सावरले. पण ताडोबाजवळ होमस्टे चालवणाऱ्या किंवा गडचिरोलीत बांबूच्या वस्तू विकणाऱ्या आपल्या तरुणाचा पत्ता गेला, तर ग्राहकही जातो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते १ ते १० वर्षांसाठी नोंदवतात. वेबसाइट बनवणारा अनेकदा ते स्वतःच्याच खात्यातून नोंदवतो. मग कागदोपत्री मालक तोच! म्हणून आमचे सांगणे एवढेच: खाते, ईमेल, मोबाइल नंबर आपलाच द्या. पावती जपा, डोमेन लॉक ठेवा, मुदतीआधी नूतनीकरण करा.

'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून 'डॉट भारत'मुळे देवनागरीतही नाव घेता येते. कोणी वाईट हेतूने आपले नाव बळकावले, तर निक्सीच्या धोरणानुसार लवादाकडे दाद मागता येते. तिथे नावावरचा हक्क सिद्ध करावा लागतो; नोंदणीकृत ट्रेडमार्क त्यासाठी भक्कम पुरावा ठरतो.

मित्रांनो, आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आजच तपासा.