घरातील वीज, चिमणीचा धूर आणि आपले आरोग्य

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वीजबचतीवरील लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकलहरे परिसरात राहणाऱ्यांना वीज कोठून येते हे वेगळे सांगावे लागत नाही. औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या येथे घराच्या गच्चीवरूनही दिसतात. इतरत्र बटण दाबताच मिळणारी वीज येथे कोळसा, पाणी, धूर आणि राख या रूपांतही आपल्यासमोर असते. म्हणूनच घरातील एका युनिटचा हिशेब आणि श्वसनाचे आरोग्य यांचा परस्परसंबंध समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एका युनिटमागील कोळसा

गोदावरीकाठच्या या केंद्रातील प्रत्येकी १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० व १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाल्यावर केंद्राचा कारभार महानिर्मिती कंपनीकडे आला. पहिले दोन संच पुढे कायमचे बंद करण्यात आले.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, तिच्या दाबाने टर्बाइन फिरवावयाचे आणि त्यावर जोडलेल्या जनित्रातून वीज मिळवावयाची, ही या निर्मितीची पद्धत होय. या पिढीतील संचांत कोळशातील उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली उष्णता शीतकरणाच्या पाण्यावाटे व धुरावाटे निघून जाते. एक युनिट विजेसाठी ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण सुमारे ३० ते ४० टक्के असल्याने प्रत्येक युनिटमागे जवळजवळ पाव किलो राख उरते आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्राची स्वतःची यंत्रे काही वीज वापरतात, काही वीज वाहिन्यांत वाया जाते. म्हणजे घरी वाचलेले एक युनिट निर्मितीच्या ठिकाणी एका युनिटपेक्षा अधिक असते.

धुरातील बहुतांश राख यंत्रांच्या साहाय्याने अडविली जाते व तिचा उपयोग सिमेंट आणि विटांसाठी होतो. तथापि अतिसूक्ष्म कण पूर्णपणे अडत नाहीत. शिवाय धुरातील सल्फर डायऑक्साइडपासून हवेत नवे सूक्ष्म कण तयार होतात. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण नाकातील केसांना व श्वासनलिकेला चुकवून थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. दमा, दीर्घकालीन श्वासरोध आणि हृदयविकार असलेल्यांना त्यांचा त्रास विशेष होतो.

बचतीचा परिणाम कोठे होतो?

आपण दिवा मालवला म्हणून एकलहरे येथील भट्टी त्याच क्षणी मंदावते, असे मात्र नाही. राज्यातील सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात येते. कोणत्या संचाने किती वीज द्यावी, हे कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र ठरविते. साधारण नियम असा की, स्वस्त वीज आधी घ्यावी व महाग वीज शेवटी. मागणी घटली की सर्वांत महाग संचांना निर्मिती कमी करण्यास सांगितले जाते. हे संच बहुधा जुने असतात किंवा कोळसाखाणींपासून दूर असतात. नाशिकच्या केंद्राला कोळसा लांबून रेल्वेने आणावा लागतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

यावरून एक रास्त शंका उद्भवते. या केंद्रावर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. मग वीज वाचविणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणे नव्हे काय? जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच यावा, ही मागणी परिसरातून दीर्घकाळ होत आली आहे. तिच्यामागील चिंता खरी आहे. परंतु केंद्राचे भवितव्य संचांचे वय, कोळशाच्या वाहतुकीचा खर्च आणि शासकीय धोरण यांवर ठरते. एखाद्या घरातील पंख्यावर नव्हे. केंद्रातील अभियंतेही कमीत कमी कोळशात अधिक वीज मिळविण्यासाठीच झटत असतात. त्यांच्या कामाचा जो निकष, तोच आपल्या घरालाही लावावयाचा आहे.

घरातील हिशेब

बचतीचा आरंभ मोठ्या खर्चापासून करावा. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्याची सवय चांगली असली तरी त्यातून मिळणारी बचत अत्यल्प असते.

*पाणी तापविणे :* २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.५८ युनिट लागते. चार माणसांच्या कुटुंबात रोज सव्वादोन युनिटांहून अधिक वीज केवळ स्नानासाठी खर्च होते. हिवाळ्याच्या ९० दिवसांत ही संख्या दोनशेच्या पुढे जाते. गच्ची असल्यास सौरबंब हा सर्वांत सरळ उपाय होय. मात्र वीज वाचविण्यासाठी लाकूड, प्लॅस्टिक वा कचरा जाळून बंब पेटवू नये. केंद्राच्या चिमणीचा धूर निदान उंचावर सुटतो. अंगणातील बंबाचा धूर थेट घरातील मुलांच्या व वृद्धांच्या नाकात जातो.

*पंखे :* जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी प्रकारचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास वापर धरल्यास एका पंख्यामागे दिवसाला अर्ध्या युनिटहून अधिक, म्हणजे वर्षातील ३०० दिवसांत सुमारे १६० युनिटांची बचत होते. कोळशाच्या भाषेत हे ११० किलोंहून अधिक होते.

*दिवे :* ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका प्रकाश ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. ज्या खोलीत दिवा अधिक काळ जळतो, तेथील दिवा प्रथम बदलावा.

*फ्रिज व वातानुकूलन यंत्र :* खरेदी करताना ताऱ्यांबरोबरच पट्टीवरील वार्षिक युनिटांचा आकडा व वर्ष पाहावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही योजना २००६ मध्ये सुरू केली असून ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. त्यामुळे जुने पाच तारे व नवे पाच तारे समान नसतात. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते.

*स्वयंपाक :* डाळ व कडधान्ये भिजवून शिजविणे, कुकर वापरणे व भांड्यावर झाकण ठेवणे या आजीच्या काळच्या सवयी आजही तितक्याच उपयोगी आहेत.

महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्यांनुसार वाढत जातात. त्यामुळे वाचलेले युनिट बिलातील सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते, हे मीटरवरील आकडा महिन्याभर टिपून ठेवल्यास सहज ध्यानात येईल. ज्यांना स्वतःचे छप्पर आहे, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली. तिच्यात घराच्या छतावरील सौरसंचासाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. तथापि आधी वापर कमी करून मग संच बसवावा. म्हणजे लहान संचातही गरज भागते.

बचत कोठे करू नये

वैद्यकीय दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत बिलाच्या भीतीने पंखा बंद करून बसणाऱ्या वृद्धांना उष्माघाताचा धोका असतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानातच ठेवावे लागते. त्यासाठी फ्रिज रात्री बंद करू नये. वारंवार फ्रिज बंद केल्याने अन्नही दूषित होते. घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांत काटछाट करू नये. थंडीत नवजात बालकाची खोली उबदार ठेवावी. पिण्याचे पाणी उकळण्याची आवश्यकता असेल तेव्हा इंधनाचा विचार करू नये. पाणी साठविलेच तर ते झाकून ठेवावे, अन्यथा डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

थोडक्यात, जी वीज आराम, उजेड व औषध यांसाठी खर्ची पडते ती सत्कारणी लागते. जी रिकाम्या खोलीत फिरते, उघड्या दारातून निसटते किंवा गरजेपेक्षा अधिक पाणी तापविते, ती वाया जाते. या वाया जाणाऱ्या प्रत्येक चार युनिटांमागे कोठेतरी एक किलो राख साठते. ती कोठे साठते हे एकलहरेवासीयांना ठाऊक आहे. त्यामुळे हा हिशेब प्रथम आपल्या घरांतून सुरू व्हावा, ही अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.