भिंतीआधी दार

घराला रंग द्यायचं ठरलं की आधी शेडकार्ड घरात येतं. एकाला फिका पिस्ता आवडतो, दुसऱ्याला राखाडी, आणि तडजोड म्हणून शेवटी क्रीम ठरतो. दारं, चौकटी आणि फरशी यांचा विचार त्यानंतर होतो, म्हणजे बहुधा होतच नाही. खरा क्रम याच्या उलट असायला हवा. भिंतीच्या रंगाच्या हजारो छटा मिळतात आणि चार-पाच वर्षांनी तो बदलताही येतो. फरशी मात्र तशीच राहणार असते, आणि लाकडाच्या जमणाऱ्या छटा बोटांवर मोजण्याइतक्याच. ज्याला पर्याय थोडे, ते आधी ठरवावं आणि ज्याला भरपूर, त्याने जुळवून घ्यावं.

पुण्यातला पन्नासेक वर्षांचा एखादा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवू. मोझॅकची फरशी, सागवानी चौकटी, दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर, भिंतीवर डिस्टेंपर. फरशी आधी नीट घासून, धुऊन घ्या. वर्षानुवर्षांच्या मेणचट थराखाली तिचा मूळ रंग निराळाच निघतो. पांढऱ्या सिमेंटमधली मोझॅक आणि करड्या सिमेंटमधली मोझॅक यांत फार फरक असतो. शहाबादी फरशी निळसर करड्याकडे झुकते, कोटा हिरवटाकडे. दिवसा खिडकीतून आलेला उजेड फरशीवर पडून भिंतीवर उसळतो, तेव्हा फरशीचा थोडा रंग भिंतीला लागतोच.

मग दारं. जुना ऑइलपेंट काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या थरांत, शिसं असण्याची शक्यता बरीच. असे थर कोरडे घासले तर बारीक धूळ घरभर होते आणि ती लहान मुलांना सर्वांत घातक. म्हणून रिमूव्हर लावून थर मऊ करावा, ओलसर ठेवून खरवडावा, खरवड प्लास्टिकवर गोळा करावी आणि काम चालू असताना मुलांना दुसरीकडे ठेवावं. रंगारी “एवढं काय करायचं, मशीन फिरवतो” म्हणेल. त्याला फिरवू देऊ नका. धूळ त्याच्याही छातीत जाते.

रंग निघाला की खाली काय आहे ते कळतं. साग निघाला तर उत्तमच. नुसतंच पांढरं, गाठाळ लाकूड निघालं तर पॉलिशचा हट्ट सोडून पुन्हा रंगच द्यावा, त्यात कमीपणा काही नाही. आणि प्लायवर चिकटवलेला विनियर असला तर जपून घासावं, कारण वरची लाकडाची पापडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. ती एकदा फुटली की खालचा थर दिसू लागतो आणि मग कोणताही स्टेन तो झाकत नाही.

स्टेन आणि रंग यांतला फरक इथेच समजून घ्यायचा. रंग लाकूड झाकतो. स्टेन पारदर्शक असतो, त्यामुळे शेवटी दिसणारी छटा म्हणजे लाकडाचा रंग, त्यावरचा स्टेन आणि सर्वांत वरचं पॉलिश या तिन्हींची मिळून बेरीज. दुकानात ‘वॉलनट’ म्हणून दाखवलेला तुकडा कोणत्या लाकडावर रंगवलाय हे कुणी सांगत नाही. तोच डबा पांढऱ्या लाकडावर एक छटा देतो, सागावर दुसरी. आणि स्टेन लाकूड गडदच करू शकतो, उजळ करू शकत नाही. पाण्याने काळे पडलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडने बरेच फिके होतात. हातमोजे घालून लावावं, नंतर स्वच्छ धुवावं आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावं. ते केल्याशिवाय फिका स्टेन निवडण्यात अर्थ नाही.

घासण्याचाही रंगाशी संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जाड पॉलिशपेपरने घासलेलं लाकूड जास्त स्टेन पितं आणि गडद होतं, बारीक पेपरने गुळगुळीत केलेलं कमी पितं. दाराच्या फळीचा आडवा कापलेला काठ तर सर्वाधिक पितो आणि काळपट दिसतो. तेव्हा एकाच दारावर एकाच पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासलं पाहिजे. नवीन रंधलेला साग सुरुवातीला हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि उजेडात काही आठवड्यांत सोनेरी तपकिरीकडे येतो. नव्या आणि जुन्या दाराची छटा घाईने एक करायला गेलं, तर महिन्याभराने नवं दार जास्तच गडद निघतं. थांबणं फुकट असतं, थांबावं.

वरचं पॉलिशही छटा देतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश लाकडाला मधाची झाक देतं आणि सागावर ते मला अजूनही सर्वांत सुंदर वाटतं. पण गरम कप किंवा ओला पेला ठेवला की त्यावर पांढरं कडं उमटतं, म्हणून ते टेबलापेक्षा दाराला शोभतं. मेलामाइन टणक, पीयू (पॉलियुरेथेन) त्याहून टिकाऊ. तेलावर आधारलेला पीयू हळूहळू पिवळसर होतो, पाण्यावर आधारलेला लाकडाचा रंग फारसा बदलत नाही. लाखेचं पॉलिश आणि मेलामाइन दोन्ही दमट हवेत लावली तर पांढुरकी पडतात. पावसाळ्यात पॉलिश करून द्यायला तयार होणारा कारागीर मिळेलही, तरी दिवाळीनंतरचे कोरडे महिने बरे.

स्टेनचा नमुना दाराच्या सहसा न दिसणाऱ्या बाजूवर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला करावा, आणि तो पूर्ण करावा: घासणं, स्टेन, सीलर, शेवटचं पॉलिश. नुसता स्टेन पुसून पाहिलेला नमुना फसवा असतो. पॉलिश चढल्यावर तो एकदम खोल होतो.

दार ठरलं की भिंतीकडे वळायचं, पण त्याआधी दिवे. हे आमच्याकडे नेहमी उलटं होतं: रंग दिवसा निवडला जातो आणि घरात राहणारी माणसं तो रात्री पाहतात. एलईडीच्या खोक्यावर ६५०० के, ४००० के, ३००० के असे आकडे असतात. ६५०० चा उजेड निळसर पांढरा असतो, ३००० चा पिवळसर उबदार. पिवळसर क्रीम भिंत ३००० च्या दिव्याखाली लोण्यासारखी दिसते, ६५०० खाली तिचा उबदारपणा जातो आणि ती फिकट पडते. सागाचं दार ६५०० च्या दिव्याखाली मलूल होतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या पडद्याचा आणि भिंतीचा रंग घरी आल्यावर जुळेनासा होतो, त्याचंही कारण हेच. दिवे बदलायचे असतील तर रंग निवडण्याआधी बदला.

दिवसाच्या उजेडाचंही भान हवं. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा थंड, स्थिर उजेड. तिथे निळसर राखाडी रंग उदास वाटतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी सगळं केशरी होतं, तिथे पिवळा आणखी पेटतो. पुण्यात दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात ऊन आत खोलवर घेते, पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, आणि जूनमध्ये ढगही येतात. डिसेंबरच्या उन्हात निवडलेली शेड जुलैत पाहिली तर ओळखू येत नाही.

आता शेडकार्ड हातात घ्या. कार्डावरचा चौकोन दोन-तीन इंचांचा असतो, भिंत शंभर चौरस फुटांची. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळे खोलीत रंग कार्डापेक्षा जास्त बोलका वाटतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी मळकी, करडी शेड घेणं सुरक्षित. बऱ्याच कंपन्या शेडसोबत एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परतवतो, हा आकडा देतात: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. हा आकडा जितका कमी, तितकी खोली जास्त दिवे मागणार. आणि सागाशेजारी? केशरी-तपकिरी सागाला क्रीम भिंत गिळून टाकते, दोन्ही एकच होतात. फिका करडट हिरवा किंवा निळसर करडा घेतला तर साग उठून दिसतो, कारण डोळा शेजारच्या रंगाच्या विरुद्ध छटा शोधतो. निव्वळ पांढरा मी जुन्या सागाशेजारी टाळेन. तो लाकडाला पिवळं ठरवतो. पूर्वी चुन्यात चिमूटभर नीळ घालत, ती चुन्याचा पिवळेपणा मारण्यासाठीच.

नमुना भिंतीवर थेट न काढता दोन फुटी हार्डबोर्डवर काढा. जुन्या हिरव्या भिंतीवर लावलेला नवा रंग त्या हिरव्यामुळे उगाच तांबूस वाटतो. बोर्डाला प्राइमर आणि पूर्ण दोन हात द्या, मग तो खोलीभर फिरवा: खिडकीशेजारी, दाराला टेकवून, फरशीवर. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, दिवा लावून पाहा. वाळेपर्यंत मत बनवू नका. ओलं इमल्शन दुधाळ असतं, म्हणून फिकं दिसतं आणि वाळताना गडद होतं. चुना आणि डिस्टेंपर याच्या उलट, ओले असताना गडद आणि वाळल्यावर फिके.

ठरलेल्या शेडचा कोड, कंपनी, इमल्शनचं नाव आणि बेस एका कागदावर लिहून ठेवा. मशीन त्या बेसमध्ये रंगद्रव्यांचे थेंब टाकतं. दुसऱ्या दर्जाच्या इमल्शनमध्ये तोच कोड किंचित वेगळा निघतो. खोलीला लागणारा सगळा रंग एकदम घ्या आणि डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. गडद लाल किंवा शुद्ध पिवळा घेतलात तर हातांची संख्या वाढेल हे धरून चाला, कारण त्यांच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य नगण्य असतं आणि ते खालचं झाकत नाहीत.

काम करवून घेताना लाकडाचं घासकाम आधी, मग भिंतीची पुट्टी, प्राइमर आणि पहिला हात, त्यानंतर दारांचं पॉलिश, आणि भिंतीचा शेवटचा हात सर्वांत शेवटी. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला तरी वर्षभराने त्याचं ठिगळ भिंतीवर दिसतंच, कारण तोवर भिंत उन्हाने आणि धुराने बदललेली असते. डाग मोठा असेल तर ठिगळ न लावता ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवून घ्या.