कर्ज फिटले, आता माळा उतरवा

शेवटचा हप्ता भरून माणूस सोसायटीच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरलेले असते यात शंका नाही. पण खानापूर-बेळगाव भागात घरोघरी जाता-येता आम्ही जे पाहतो त्यावरून आम्हाला असे वाटू लागले आहे, की शेतकरी कुटुंबाने सर्वांत जपून राहण्याचा काळ कर्जात असतानाचा नव्हे; कर्ज फिटल्यानंतरचे पहिले वर्ष हाच तो काळ होय.

कर्जात असताना घर आपोआप जपून चालते. नवे कापड सणापुरते, चहात साखर बेताची, आणि बाजारात गेले तरी हात खिशाबाहेर निघत नाही. हप्ता संपला की महिन्याकाठी बाजूला निघणारे तीन-चार हजार रुपये एकाएकी मोकळे सुटतात, आणि दावे सुटलेल्या गुराप्रमाणे ते आधी दुसऱ्याच्या शेतात शिरतात. दुकानदाराला बातमी लागते. कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तसंस्थेच्या माणसाला तर सर्वांच्या आधी लागते. तुमचा व्यवहार चोख आहे, आता दुप्पट रक्कम मिळेल, असे सांगत तो दारात उभा राहतो. (अशा संस्थांच्या वसुलीचा जाच एवढा वाढला की २०२५ साली कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला, हे वाचकांना आठवत असेल.) सोडवून आणलेल्या पाटल्या दोन पावसाळे जाण्याआधी पुन्हा गहाण पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या घरात कोणी व्यसनी नव्हते, आजारपणही आले नव्हते. नवे कपाट, मोठा टीव्ही, भाचीच्या लग्नातला आहेर आणि ‘आता काय, कर्ज तर नाही’ हे वाक्य, एवढेच पुरले.

तेव्हा पहिले काम कागदाचे. पैसे भरल्याची पावती म्हणजे कर्ज फिटल्याचा पुरावा नव्हे. संस्थेकडून बेबाकीचा दाखला लेखी घ्यावा, आणि जमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो कमी झाल्याचा नवा उतारा काढून पाहावा. बोजा आपोआप जाईल या भरवशावर राहिलेल्यांना पुढे वाटणीच्या वेळी फार हेलपाटे पडतात. कोरे धनादेश किंवा सही केलेले कागद दिले असतील तर ते मागून घ्यावेत. दागिने सोडवताना गहाण ठेवतेवेळच्या पावतीवरील वजनाशी तेथेच ताडून पाहावे. घरी आल्यावर वजन करून उपयोग नाही. घरबांधणीचे किंवा वैयक्तिक कर्ज बँकेचे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यावयाची आहे. गावच्या कृषी पत्तीन संघाला हा आदेश लागू नाही. तेथे आपणच मागे लागावे लागते.

दुसरे काम म्हणजे हप्ता थांबवू नये. भरण्याची जागा तेवढी बदलावी. महिना ३,००० रुपये जात होते ना? ते जाऊ द्यावेत, पण आता आपल्याच नावे. वर्षाला ३६,००० होतात. हेच ३६,००० पेरणीच्या तोंडावर सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी उचलले, तर वर्षाचे व्याजच १२,९६० रुपये होते. हा हिशेब एकदा घरातील सर्वांनी, शाळकरी मुलांसह, कागदावर मांडून पाहावा. ज्यांना महिन्याची रक्कम एकदम काढणे जमत नाही त्यांच्यासाठी पिग्मी आहे. ती आपल्या कर्नाटकातलीच कल्पना. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दिवसाला दोन आण्यांसारख्या लहान रकमा दारोदार जाऊन गोळा करण्यास आरंभ केला. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, परंतु पिग्मीचा माणूस आजही आपल्या गल्लीत येतो. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था, सौहार्द पतसंस्था आणि भिशी यांना ते नाही. दोन टक्के जास्त व्याजाच्या लोभाने म्हातारपणाची सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवून ती बुडालेली माणसे आपल्यात आहेत. त्यांना विचारा.

पुन्हा कधीच कर्ज काढू नये असे आमचे म्हणणे नाही. वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला कर्नाटकात सहकारी संस्थांकडून अल्पमुदतीचे पीककर्ज बिनव्याजी मिळते. २०२३-२४ पासून त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांपर्यंत वाढवण्यात आली. बी-खतासाठी घेऊन सुगीला फेडलेले असे कर्ज नांगरासारखे एक अवजारच आहे. मात्र त्याच पैशांतून घराची फरशी झाली तर ते अवजार राहत नाही. आणि जामीन राहताना दहा वेळा विचार करावा. आपले कर्ज फिटले हे कळताच जामिनासाठी येणारे पाहुणे वाढतात. नात्यापोटी सही करण्यापेक्षा जमेल तेवढी रक्कम हातात ठेवून ती विसरून जाणे पुष्कळदा स्वस्त पडते.

आता माळ्याकडे वळू. वास्तविक माळ्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

आपल्या कौलारू घरांचे माळे पाहावेत. मोडका पंखा, बुजलेला फवारणी पंप, वायसर गेलेले दोन स्टोव्ह, गाद्यांचा कापूस, खताची रिकामी पोती, प्लॅस्टिकचे कॅन, बैल विकून पंधरा वर्षे झाली तरी जपलेले जू, कोणाच्या तरी लग्नात आलेली आणि खोक्यातून बाहेरही न निघालेली स्टीलची भांडी. हे सारे कशासाठी, असे विचारले की एकच उत्तर येते: कधीतरी लागेल. या उत्तराला आम्ही हसत नाही. ज्याने टंचाई भोगली तो वस्तू टाकायला भितो, आणि ते बरोबरही आहे. पण राखून ठेवणे वेगळे आणि अडवून ठेवणे वेगळे. खरीप, रब्बी आणि उन्हाळा या तीनही हंगामांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती वस्तू आपली राहिलेली नसते. ती उंदरांची झालेली असते.

उंदरांचे आम्ही गमतीने म्हणत नाही. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत विते, आणि अडगळीइतकी सुरक्षित जागा तिला दुसरी नाही. एक तर ती कणगी पोखरते. शिवाय उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अंगणातल्या चिखलात आणि भाताच्या खाचरातल्या पाण्यात उतरतात व पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत एकाएकी ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर साधा ताप म्हणून गोळी घेऊन शेतात जाऊ नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि ‘मी भाताच्या चिखलात काम करतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. लवकर औषध मिळाले तर माणूस बरा होतो. कावीळ उतरेपर्यंत थांबल्यास मूत्रपिंडे जातात. आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तो दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास मात्र कोठेच परत मिळत नाही.

माळ्यावर, दाराच्या वर किंवा गोठ्याच्या खांबाला टांगलेल्या पिशवीत आणखी एक गोष्ट असते: औषधाच्या, म्हणजे कीटकनाशकाच्या, उरलेल्या बाटल्या. किती जणांच्या घरी आजही जुने थिमेट निघेल! थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. एंडोसल्फान तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच बंद केले. अशा बाटल्या विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, जाळू नयेत, आणि रिकामा डबा धुऊन त्यात तेल-पाणी तर मुळीच भरू नये. त्या वेगळ्या बांधून, कुलपात ठेवून, रयत संपर्क केंद्रात त्यांचे काय करावे ते विचारावे. चालू हंगामाचे औषधही राहत्या घरात नको. आम्ही हे एवढ्या आग्रहाने लिहितो त्याचे कारण वाचकांना ठाऊक आहे. कर्जाच्या तगाद्याने किंवा घरातल्या एका भांडणाने डोके फिरलेल्या माणसाच्या हाताशी बाटली असणे आणि नसणे यांत एका जिवाचे अंतर असते. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिजहाल कीटकनाशके बाजारातून काढली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. माणसांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती; हाताशी असणारे विष तेवढे कमी झाले होते. कोणाचे मन असे काळवंडले असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली मानसची सरकारी सेवा अहोरात्र, विनामूल्य आहे. आणि आमचे दार आहेच.

माळा उन्हाळ्यात, भात पेरण्याआधी उतरवावा. सर्व अंगणात मांडावे म्हणजे शेजारीही पाहतील आणि लाजेने का होईना, काम पुरे होईल. जुने भात किंवा कडधान्य उरले असेल तर ते नव्यात मिसळू नये. सोंडा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि ते भोक बुजवून टाकतो, त्यामुळे वरून दाणा चांगलाच दिसतो. पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी, मगच पुन्हा भरावी. टायर, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या आधी घराबाहेर काढाव्यात. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि पाणी आटले तरी ती अंडी महिनोन् महिने तग धरतात. तांब्या-पितळेचे हंडे विकायचे असतील तर दोन दुकानांत भाव विचारून, घरी वजन करून मगच न्यावे. बोहारणीबद्दल आमचे मत जरा वेगळे आहे. चार साड्या देऊन एक पातेले घेतले की माळ्यावरची एक वस्तू गेली आणि दुसरी आली! त्यापेक्षा त्या जुन्या साड्यांच्या वाकळा शिवाव्यात. आपल्या बायकांच्या हातची वाकळ विकतच्या ब्लँकेटपेक्षा जास्त दिवस टिकते, आणि थंडीत एखाद्या ऊसतोड कामगाराच्या पोरालाही देता येते.

लग्नातली नाव घातलेली भांडी मात्र काढून वापरावीत. नवे पातेले घेण्याआधी माळ्यावरचे खोके उघडून पाहिले असते, तर किती घरांचे पैसे वाचले असते! खरे म्हणजे लग्नात, पहिल्या ख्रिस्तशरीराच्या समारंभात भांडी देण्याची ही चाल आपणच आवरती घेतली पाहिजे. देणाऱ्याला खर्च, घेणाऱ्याला अडचण.

काटकसर करताना एक गोष्ट विसरू नये. ती बहुधा घरातल्या बाईच्या ताटातून सुरू होते. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते ती खाते, आणि दूध डेअरीला जाते. हे आम्हाला मान्य नाही. अंडे, डाळ, पालेभाजी आणि मुलांचे दूध यांना कात्री लावून जमवलेला पैसा पुढे दवाखान्यात दुप्पट जातो. खर्च करायचाच तर लावणीसाठी रबरी बूट घ्यावेत, विहिरीला कठडा बांधावा, अंथरुणाला मच्छरदाणी लावावी.

शेवटी, म्हाताऱ्या आईची पेटी तिला विचारल्याशिवाय उघडू नये. तीत लुगड्याचा तुकडा असेल, वडिलांचा चष्मा असेल, १९६०-७० सालचे बाप्तिस्म्याचे दाखले असतील. आणि कधी कधी ज्या जमिनीसाठी भाऊ-भाऊ कोर्टात गेले तिचे मूळ खरेदीखतही तेथेच सापडते. अशी पेटी काढून टाकायची नाही. ती माळ्यावरून खाली आणून, ऊन दाखवून, भिंतीपासून वीतभर दूर फळीवर ठेवावी, म्हणजे ओल धरणार नाही.