बंगळूर प्रकल्प (इंग्रजी अध्यापन)

बंगळूर प्रकल्प हा इंग्रजी भाषेच्या अध्यापनासंबंधी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये राबविण्यात आलेला शैक्षणिक प्रयोग होय. ‘कम्युनिकेशनल टीचिंग प्रोजेक्ट’ हे त्याचे मूळ इंग्रजी नाव असून ‘बंगळूर–मद्रास प्रकल्प’ असाही त्याचा उल्लेख आढळतो. बंगळूर येथील दक्षिण भारत प्रादेशिक इंग्रजी संस्था आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या सहकार्याने तो पार पडला. एन. एस. प्रभू हे त्याचे प्रवर्तक होत. व्याकरण न शिकवता, केवळ अर्थावर लक्ष केंद्रित करणाऱ्या कृतींमधून विद्यार्थ्याला भाषेचे व्याकरण आत्मसात करता येईल का, हा या प्रयोगाचा मूळ प्रश्न होता. पुढे जगभर रूढ झालेल्या कृती-आधारित भाषाशिक्षणाच्या आरंभीच्या आणि सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या प्रयोगांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय शाळांतून इंग्रजीचे अध्यापन प्रथम व्याकरण-भाषांतर पद्धतीने होत असे. १९५०च्या दशकापासून तिची जागा हळूहळू रचना पद्धतीने घेतली. हॅरल्ड पामर, ए. एस. हॉर्नबी आदी ब्रिटिश अभ्यासकांच्या विचारांवर आधारलेल्या या पद्धतीत इंग्रजी वाक्यरचनांची सोप्याकडून कठिणाकडे जाणारी क्रमवार यादी केली जाते. शिक्षक एकेक रचना प्रसंगातून सादर करतो आणि विद्यार्थ्यांकडून तिचा तोंडी सराव करून घेतो. या पद्धतीच्या प्रसारासाठी मद्रास राज्यात १९५९ पासून व्यापक मोहीम हाती घेण्यात आली. सुमारे २७,००० प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे तिचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षित शिक्षकांनी इतरांना प्रशिक्षित करावे, अशी तिची योजना असल्याने ती ‘मद्रास स्नोबॉल’ या नावाने ओळखली जाते.

दोन दशकांनंतर या पद्धतीविषयी शिक्षकांत असमाधान दिसू लागले. शिकविलेली रचना विद्यार्थी त्या तासाला अचूक म्हणत. परंतु वर्गाबाहेर, किंवा दुसरा विषय निघताच, तीच रचना त्याला वापरता येत नसे. इंग्रजी ही भारतात सहराजभाषा असली, तरी सामान्य शाळांतील बहुसंख्य मुलांच्या कानावर ती वर्गाबाहेर क्वचितच पडते. त्यांच्यापुरती ती व्यवहारतः परकीय भाषाच असते. अशा मुलांच्या बाबतीत वर्गातील तास हाच भाषेशी येणारा एकमेव संबंध ठरतो आणि त्या तासात नेमके काय घडावे, हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.

याच सुमारास ब्रिटनमध्ये संप्रेषणात्मक अध्यापनाचा विचार पुढे आला होता. डी. ए. विल्किन्स यांच्या १९७६ मधील ‘नोशनल सिलॅबसेस’ या पुस्तकाने वाक्यरचनांऐवजी भाषिक संकल्पना व प्रयोजने यांवर आधारित अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. प्रभू यांना मात्र हा उपाय भारतीय शाळांच्या संदर्भात अपुरा वाटला. प्रसंगानुरूप कसे बोलावे, ही येथील विद्यार्थ्याची पहिली अडचण नव्हती. वाक्यच नीट घडत नाही, ही होती. म्हणून प्रभू यांनी साध्य बदलले नाही, साधन बदलले. व्याकरणावर प्रभुत्व हेच उद्दिष्ट कायम ठेवून तेथे पोहोचण्याचा मार्ग संप्रेषणाचा असावा, असे त्यांनी मांडले. प्रकल्पाच्या नावात ‘कम्युनिकेटिव्ह’ऐवजी ‘कम्युनिकेशनल’ हा शब्द योजण्यामागे हाच भेद आहे.

मूळ गृहीतक

भाषेचे व्याकरण ही मनात नकळत घडत जाणारी व्यवस्था आहे आणि मनुष्य अर्थ समजून घेण्यात किंवा सांगण्यात गुंतलेला असतो तेव्हाच ती उत्तम प्रकारे घडते, हे प्रकल्पाचे गृहीतक होते. ही व्यवस्था व्याकरणकाराने लिहिलेल्या नियमांहून कितीतरी गुंतागुंतीची असते. त्यामुळे नियम सांगून किंवा रचना क्रमाने देऊन तिच्या वाढीचे नियोजन करता येत नाही, असे प्रभू यांचे म्हणणे होते. शिक्षकाच्या हाती एवढेच उरते की, विद्यार्थ्याचे मन अर्थाच्या प्रश्नाशी झुंजेल अशी परिस्थिती वर्गात निर्माण करणे.

यातून वर्गातील उपक्रमांचे वर्गीकरण करण्यात आले. नियम समजावून घेणे हा एक प्रकार, एखाद्या रूपाचा पुनःपुन्हा सराव करणे हा दुसरा आणि अर्थाशी थेट व्यवहार करणे हा तिसरा. प्रकल्पाने पहिले दोन प्रकार बाजूला ठेवून केवळ तिसऱ्यावर भर दिला.

कार्यवाही

प्रकल्पाचा आवाका लहान होता. पाच वर्षांत एकूण आठ वर्ग आणि अठरा शिक्षक त्यात सहभागी झाले. हे वर्ग प्रत्येकी एक ते तीन वर्षे या पद्धतीने शिकले. शाळा सर्वसामान्य होत्या, वर्गांची पटसंख्या मोठी होती आणि साधने फळा, खडू, कागद व पेन्सिल एवढीच होती. खर्चिक उपकरणांवाचून चालणारी पद्धतीच अशा शाळांत टिकू शकते, ही त्यामागील दृष्टी होती.

नेमलेले पाठ्यपुस्तक नव्हते आणि कोणती रचना कधी शिकवायची याची यादीही नव्हती. अभ्यासक्रम म्हणजे कृतींची मालिका होती. या रचनेला ‘प्रक्रियात्मक अभ्यासक्रम’ असे नाव मिळाले. कृतीची काठिण्यपातळी ठरविण्यासाठी एक साधा निकष होता: वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना कृतीचा निम्मा भाग तरी बरोबर जमला पाहिजे. त्याहून कमी यश मिळाल्यास पुढील कृती सोपी करावयाची आणि सर्वांनाच सर्व काही सहज जमल्यास ती कठीण करावयाची. या तत्त्वाला प्रभू यांनी ‘रास्त आव्हान’ म्हटले.

पाठाची रचना

प्रत्येक पाठाचे दोन भाग असत. पहिल्या भागाला ‘पूर्वकृती’ म्हणता येईल. त्यात शिक्षक संपूर्ण वर्गासमोर प्रश्नोत्तरांच्या साहाय्याने एक नमुना सोडवून घेई. दुसऱ्या भागात तशीच, परंतु थोडी वेगळी कृती प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे करी.

समजा, फळ्यावर रेल्वेचे वेळापत्रक लिहिले आहे. कोणती गाडी किती वाजता सुटते, ती वाटेत किती वेळ थांबते, अमुक गावी दुपारपूर्वी पोहोचायचे असल्यास कोणती गाडी पकडावी, असे प्रश्न शिक्षक इंग्रजीतून विचारतो. विद्यार्थी कधी एका शब्दात, कधी बोटाने दाखवून, कधी मोडक्यातोडक्या वाक्यात उत्तर देतात. शिक्षक उत्तर स्वीकारतो, त्यामागचे कारण विचारतो, आपले बोलणे सोपे करून पुन्हा मांडतो. त्यानंतर दुसरे वेळापत्रक देऊन प्रश्न लिहून सोडविण्यास सांगितले जाते. तपासणीच्या वेळी गाडी योग्य निवडली की नाही, याला गुण मिळतात. वाक्याच्या शुद्धतेला नव्हे. नकाशे, आकृत्या, दिनदर्शिका, शाळेचे तासांचे वेळापत्रक, पैशांचे हिशेब आणि लहान कथा यांवर अशाच प्रकारच्या कृती योजल्या जात.

कृतींचे प्रकार

प्रभू यांनी कृतींचे तीन प्रकार सांगितले. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात हे वर्गीकरण आजही वापरले जाते.

माहिती-अंतर: एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्यापर्यंत किंवा एका रूपातून दुसऱ्या रूपात पोहोचविणे. उदा. वर्णन ऐकून आकृती काढणे.

तर्क-अंतर: दिलेल्या माहितीवरून अनुमानाने नवी माहिती काढणे. उदा. वर्गांच्या वेळापत्रकांवरून एखाद्या शिक्षकाचे वेळापत्रक तयार करणे.

मत-अंतर: आपली आवड, भावना किंवा भूमिका मांडणे. उदा. अपुऱ्या कथेचा शेवट सुचविणे.

यांपैकी तर्क-अंतराची कृती सर्वांत उपयुक्त ठरली, असा प्रकल्पाचा अनुभव होता. माहितीची देवाणघेवाण एक-दोन शब्दांत संपून जाते. मत मांडण्यासाठी बरीच भाषा आधीच यावी लागते. तर्काच्या कृतीत मात्र विद्यार्थ्याला विचारासाठी थांबावे लागते, दिलेला मजकूर पुन्हा वाचावा लागतो आणि बरोबर उत्तर एकच असल्याने आपण जमविले याचा विश्वासही मिळतो.

चुका, मातृभाषा आणि गटकार्य

विद्यार्थ्याच्या चुकांकडे दुर्लक्ष केले जात नसे. परंतु त्यांवर स्वतंत्र पाठही घेतला जात नसे. शिक्षक चुकीचे वाक्य ओघात सुधारून म्हणे आणि पुढे जाई. मातृभाषेवर बंदी नव्हती. कृती सोडविताना विद्यार्थी आपल्या भाषेत आपसांत बोलत, तर त्याला हरकत नसे.

गटकार्याला मात्र प्रकल्पात स्थान नव्हते. नंतरच्या कृती-आधारित अध्यापनात गटकार्य महत्त्वाचे मानले गेले, त्यामुळे ही बाब अनेक अभ्यासकांना आश्चर्यकारक वाटते. अल्प भाषा येणारी मुले एकमेकांशीच बोलत राहिली, तर त्यांची अपुरी रूपे परस्परांत पक्की होतील, अशी प्रभू यांची शंका होती. विद्यार्थ्याच्या कानावर आपल्याहून अधिक प्रगत भाषा पडली पाहिजे आणि अशा वर्गात ती शिक्षकाकडूनच मिळू शकते, या विचाराने शिक्षककेंद्री प्रश्नोत्तरे कायम ठेवण्यात आली.

मूल्यमापन

प्रकल्पाच्या अखेरीस, १९८४ मध्ये, एडिंबरो विद्यापीठाशी संबंधित ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचे मूल्यमापन केले. चार शाळांतील प्रकल्पवर्गांची तुलना त्याच शाळांतील रचना पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांशी करण्यात आली. येथे चाचणीचाच प्रश्न अवघड होता. रचनांवर आधारित चाचणी एका गटाला झुकते माप देणार आणि कृतींवर आधारित चाचणी दुसऱ्या गटाला. म्हणून दोन्ही पद्धतींना धार्जिण्या अशा एकेक चाचणीबरोबरच संदर्भयुक्त व्याकरण, श्रुतलेखन आणि आकलन या तुलनेने तटस्थ चाचण्याही घेण्यात आल्या.

निष्कर्ष १९८५ मध्ये ‘ईएलटी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. रचनांच्या चाचणीत नियंत्रित गट आणि कृतींच्या चाचणीत प्रायोगिक गट सरस ठरला. प्रत्येक गटाला जे शिकविले गेले, ते त्याला अधिक आले. तटस्थ चाचण्यांत मात्र प्रकल्पवर्गांची कामगिरी बहुतांशी चांगली होती. व्याकरण स्वतंत्रपणे न शिकवताही ते काही प्रमाणात आत्मसात होते, या गृहीतकाला त्यामुळे अंशतः पुष्टी मिळाली.

मर्यादा व टीका

मूल्यमापनकर्त्यांनी आपल्या निष्कर्षांच्या मर्यादाही नोंदविल्या. प्रकल्पाची आखणी मुळात तुलनात्मक प्रयोग म्हणून झाली नव्हती. विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागलेले नव्हते. शाळेतील तयार वर्गच घेतलेले होते. प्रकल्पातील अनेक शिक्षक प्रशिक्षण संस्थांतील, अधिक पात्रतेचे व उत्साही होते. त्यामुळे फरक पद्धतीमुळे पडला की शिक्षकांमुळे, हे निश्चितपणे सांगणे शक्य नव्हते.

बेरेटा यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात शिक्षकांच्या लेखी निवेदनांवरून पद्धतीची प्रत्यक्ष अंमलबजावणी तपासली. पद्धतीमागील भूमिका न उमगलेले, ती पुरेशी राबवू शकलेले आणि तीवर प्रभुत्व मिळवून तिच्यात भर घालणारे अशा तीन पातळ्या त्यांनी मानल्या. शाळेतील नियमित शिक्षकांना ही पद्धती अंगवळणी पाडणे सर्वाधिक कठीण गेले, असे त्यातून दिसले. पाठ्यपुस्तकाचा आधार नसताना रोज नवी कृती योजणे आणि तासभर उत्स्फूर्त इंग्रजीत बोलणे, हे ज्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे अशा शिक्षकाकडून सहज साध्य होणारे नव्हते. साधनांची गरज कमीत कमी ठेवणाऱ्या या पद्धतीचा सारा भार शिक्षकावर येत होता.

व्याकरणाकडे अजिबात लक्ष न वेधणे योग्य आहे काय, यावरही मतभेद राहिले. नंतरच्या संशोधकांपैकी मायकेल लाँग यांनी अर्थाच्या ओघातच गरजेनुसार भाषिक रूपाकडे लक्ष वेधावे, अशी मध्यम भूमिका घेतली. मायकेल स्वॉन यांनी २००५ मध्ये कृती-आधारित अध्यापनावर टीका करताना, आठवड्यातील मोजक्या तासांत इंग्रजी शिकणाऱ्यांना नियोजित भाषाशिक्षणाची गरज असते, असे प्रतिपादन केले.

प्रभाव

प्रकल्पाचे सविस्तर विवेचन प्रभू यांच्या ‘सेकंड लँग्वेज पेडागॉजी’ या १९८७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. लाँग व ग्रॅहम क्रुक्स यांनी १९९२ मध्ये कृतींवर आधारलेल्या अभ्यासक्रमांचा आढावा घेताना प्रक्रियात्मक अभ्यासक्रमाला त्यातील एक प्रमुख प्रकार मानले. इंग्रजी अध्यापनाचे बहुतेक विचार ब्रिटन-अमेरिकेतून भारतात येत असताना, भारतीय शाळेत जन्मलेला विचार उलट दिशेने गेल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. भारतात ही पद्धती तिच्या मूळ रूपात शाळांतून रूढ झाली नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये भाषेने समृद्ध अशा संप्रेषणात्मक वातावरणावर दिलेला भर मात्र याच विचारसरणीशी जवळचा आहे.

प्रभू यांनी स्वतः आपली पद्धती सर्वांनी स्वीकारावी, असा आग्रह धरला नाही. १९९० मध्ये ‘टीईएसओएल क्वार्टर्ली’त लिहिलेल्या लेखात त्यांनी सर्वोत्तम पद्धती अशी काही नसते, असे मत मांडले. शिकणे कसे घडते आणि आपल्या शिकविण्याने त्याला कशी मदत होते, याविषयी प्रत्येक शिक्षकाची अनुभवातून घडलेली एक समज असते. ती जागी असेल, तर कोणतीही पद्धती फलदायी होऊ शकते. ती गोठली, तर उत्तम पद्धतीचेही यांत्रिक कर्मकांड होते. भाषाशिक्षण संशोधनाचे लक्ष पद्धतींच्या स्पर्धेकडून शिक्षकाच्या विचारप्रक्रियेकडे वळविण्यात या लेखाचाही वाटा आहे.