टाकी भरली, कळायचं कसं?

मैत्रिणींनो, मोटर चालू करून कुकर लावायला वळलं, की वरची टाकी वाहिलीच म्हणून समजा! सांगलीच्या विश्रामबागमध्ये वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण सेन्सर जोडणं ही काही तिथल्या मुलांचीच मक्तेदारी नाही. विणकामाचा नमुना उचलणाऱ्या हातांना हे सहज जमेल.

एक तार टाकीच्या तळापर्यंत, दुसरी काठाखाली चार बोटं सोडायची. नळाच्या पाण्यातून थोडीशी वीज वाहते. पाणी दुसऱ्या तारेला टेकलं, की आर्डुइनोचा बोर्ड (हा २००५ साली इटलीत जन्मला) ते ओळखतो नि रिलेकडून मोटर बंद करवतो. टोकं स्टेनलेस स्टीलची घ्या. तांब्याची लवकर खराब होतात. खालच्या हौदातही अशीच जोडी हवी, नाहीतर कोरडी फिरून मोटर जळायची.

२०१९च्या महापुरात सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाच्या पातळीकडे लागले होते. तसाच हा घरगुती पहारा!

मात्र पाण्यात ५ व्होल्टच सोडायचे. २३० व्होल्टची, मोटरकडची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, तिथे हौस नको गं बाई. छोट्या रिलेवर मोटरचा भार थेट टाकू नका; मध्ये कॉन्टॅक्टर बसवायला सांगा.

आधी बादलीत करून बघा. तांब्यातांब्याने पाणी ओता, बोर्डवरचा दिवा लागला की मग गच्चीवर चढा.